माशीचा आणि आपला ‘काडीचाही संबंध नाही’?

“किडे आणि गोचिडी यांना रोगप्रतिकारशक्तीच नसते, म्हणून ते रोग पसरवतात. त्यांच्या शरीराचा आपल्याशी काडीचाही संबंध नाही. माश्यांवर संशोधन म्हणजे पैशांची उधळपट्टी.” हा मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. (गोचीड कीटक नव्हे, कोळी-विंचवांच्या कुळातली, पण ते असो.)

खरं तेवढं आधी मान्य करतो. कीटकांत अँटिबॉडी नसतात. गोवर एकदा झाला की आपलं शरीर तो जन्मभर लक्षात ठेवतं, तशी सोय त्यांच्याकडे नाही.

पण प्रतिकारशक्तीच नाही? केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या फळमाशीत ‘टोल’ नावाचं जनुक असतं. गर्भाची पाठ कुठली नि पोट कुठलं हे ते ठरवतं, एवढंच आधी ठाऊक होतं. १९९६ साली स्ट्रासबर्गमध्ये झ्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत टोल निकामी असलेल्या माश्यांना बुरशीचा संसर्ग दिला, तेव्हा त्या पटापट मेल्या. त्यातल्या एका माशीचा फोटो प्रसिद्ध आहे: मेलेल्या अंगातून बुरशीचे तंतू बाहेर फुटलेले.

‘काडीचा संबंध’ इथेच निघतो. १९९७ मध्ये माणसातही टोलचा भाऊबंद सापडला. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी जिवाणूंच्या विषाला दादच न देणाऱ्या उंदरांत बिघडलेलं जनुक शोधलं. तेही याच घराण्यातलं, टीएलआर-४. २०११ च्या नोबेलमध्ये हॉफमन आणि बॉयटलर दोघेही होते. एवढंच नाही, या यंत्रणेचा ब्रेकही दोन्हीकडे एकाच घडणीचा. माशीत त्याला कॅक्टस म्हणतात, आपल्यात आयकप्पाबी. जंतू आला की हा ब्रेक मोडीत निघतो आणि मग बचावाची जनुकं चालू होतात.

मात्र ‘सगळं हुबेहूब सारखं’ असंही कोणी फॉरवर्ड करू नये. आपलं टीएलआर-४ जोडीदार प्रथिनाच्या मदतीने जिवाणूचा रेणू स्वतः पकडतं. माशीच्या टोलला मात्र स्पेट्झल नावाचं प्रथिन निरोप आणून देतं. आणि गोचिडीत तर माशीच्या दुसऱ्या एका बचावमार्गातली काही महत्त्वाची प्रथिनं गायबच आहेत, तरी तो मार्ग चालतो.

“म्हणून रोग पसरवतात” हे तर उलटंच आहे. मलेरियाचे बहुतेक जंतू ॲनोफिलिस डासाच्या पोटातच मारले जातात. त्यात मोठा वाटा टीईपी-१ या प्रथिनाचा. ते आपल्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या सी-३ प्रथिनाचं नातलग. टीईपी-१ बंद पाडलं की डासात जंतू कितीतरी जास्त उरतात. २०२३ मध्ये तर असं दिसलं की हरणांवरच्या गोचिडीचं डोम-१ हे ग्राहक प्रथिन (रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन) सस्तन प्राण्याच्या रक्तातलं इंटरफेरॉन-गॅमा थेट ओळखतं. रक्त पिता पिता यजमानाचा धोक्याचा इशारा ती ऐकते आणि स्वतःचा बचाव सुरू करते.

राहिली उधळपट्टी. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप पसरतो तो गोचिडींमुळेच. काजूच्या बागेत जाणाऱ्यांना विचारा, गोचिडीवरचा अभ्यास फुकट वाटतो का.