सवय तोंडाला लागली, हाताला नाही

दहावीचे पेपर चालू झाले की आमच्याकडं काही सेंटरबाहेर जी जत्रा भरते ती बघितलीय का? पोरगं आत पेपर लिहायलंय आणि बाहेर चुलता, मामा, मोठा भाऊ कंपाउंडवर चढून चिठ्ठ्या फेकायलेत, पोलिसाची गाडी आली की पांगायचं, गेली की परत चढायचं. आणि आतलं ते लेकरू पहिलीपासून रोज परिपाठाला हात पुढं करून प्रतिज्ञा म्हणत आलेलं असतंय, मूल्यशिक्षणाचे तासही झालेत, प्रामाणिकपणावर निबंध लिही म्हणलं तर दोन पानं लिहील (तोही गाईडमधूनच पाठ केलेला).

मग दरवर्षी कुणीतरी म्हणणार, संस्कार कमी पडले हो, तास वाढवा. मला हे बिलकुल पटत नाही. लेकरांना सवय लागली ना, रोज न चुकता लागली, फक्त ती म्हणायची लागली. प्रतिज्ञेचा यात काही दोष नाही, १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या ट्रेझरीतल्या अधिकाऱ्यानं ती तेलुगूत लिहिली आणि चांगलीच लिहिली. पण सौजन्यानं वागेन असं दहा वर्षं म्हणून माणूस म्हणण्यात पक्का होतो, वागण्यात नाही.

ॲरिस्टॉटलनं तेवीसशे वर्षांपूर्वी हेच सांगून ठेवलंय. घर बांधून बांधून माणूस गवंडी होतो, तसा न्यायानं वागून वागून न्यायी होतो. पुढचं मात्र आपण विसरतो, की वाईट बांधून बांधून वाईट गवंडीही तसाच तयार होतो. म्हणजे कॉपी करणाऱ्या पोराचं शिक्षण झालं नाही असं नाही, चांगलं कसून झालंय. चौथी-पाचवीच्या चाचणीलाच गुरुजींनी उत्तरं फळ्यावर लिहून दिली, निकाल चांगला दिसला पाहिजे म्हणून. घरी प्रोजेक्ट आईनं केला, चार्ट दुकानातनं आणला, सही बापाची. एवढी प्रॅक्टिस झाल्यावर दहावीला त्याला चिठ्ठी उचलताना काही वाटावं ही अपेक्षा तरी कशाला?

आता जरा अवघड भाग, यावर काही लोक चिडतील.

पैठण आपलं. फाल्गुनात नाथषष्ठीला लाखो लोक येतात. एकनाथ महाराजांनी गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं लेकरू कडेवर उचलून घेतलं ही गोष्ट मराठवाड्यात कीर्तनात ऐकली नाही असा माणूस सापडायचा नाही, ऐकताना डोळ्यात पाणी येतं, खरंच येतं, ढोंग नाही ते. आणि तोच माणूस घरी आला की सालगड्याचा चहा कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. कुणी मुद्दाम ठरवून करत नाही, हात आपोआप त्या कपाकडं जातो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं म्हणून १९७८ पासून १९९४ पर्यंत या भागात माणसं भांडली, घरं जळली, जीव गेले, आणि त्यानंतरही कितीतरी घरांत तो कप कोनाड्यात राहिला. म्हणून सवय म्हणजे आपोआप चांगलीच असं मी म्हणत नाही. कुणीतरी थांबून तिच्याकडं बघावं लागतं.

आमच्या नात्यातल्या एका घरी हे काम सुनेनं केलं. भाषण नाही, भांडण नाही, रोज एकाच ट्रेमध्ये सारखे कप. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग गप्प झाल्या, नंतर तर स्वतःच तसा चहा देऊ लागल्या. मत बदललं का? माहीत नाही. हात बदलला, मत मागून येईल नाहीतर न येईल, त्या माणसाला चहा तर नीट मिळाला.

आणि ते व्हॉट्सॲपवरचं २१ दिवसांत सवय, २१ दिवसांत संस्कार शिबिर, ते सोडून द्या. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० च्या पुस्तकात लिहिला होता, पेशंटला नवीन चेहरा अंगवळणी पडायला किमान तेवढे दिवस लागतात म्हणून. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी ९६ जणांवर नीट अभ्यास केला, तर पाणी पिणं, पळायला जाणं असल्या साध्या सवयींनाही साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाचा अंदाज थेट २५४ पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही हेही त्यात निघालं, आईबापांनी हे जरूर वाचावं. खरं बोलायची सवय तर पाणी पिण्यापेक्षा कितीतरी अवघड, तिथं उन्हाळी शिबिरानं काय होणार.

मला विचाराल तर पोस्टर काढा भिंतीवरचे. चाचणीत शून्य आला तर शून्यच राहू द्या, चार्ट वाकडातिकडा चालेल पण पोराच्या हातचा पाहिजे. आमच्या इथल्या एका झेडपी शाळेत गुरुजींनी खिचडी झाल्यावर ज्याची ताटली त्यानं धुवायची असं चालू केलं, स्वतःचीही स्वतःच धुतात. लगेच तक्रार, आमच्या पोराला काय भांडी घासायला शाळेत घातलंय का? तक्रार करणारे सगळे पोरांचेच बाप बरं का, पोरींच्या एकाही बापाला काही अडचण नव्हती. शाळा समितीच्या मीटिंगला विषय ठेवलाय म्हणे. मी जाणारे, आणखी कुणी येणार असाल तर सांगा, कारण गुरुजी एकटे पडले तर बंदच पडंल ते.