छापील किमतीत

दिवाळीत सांगलीला गेलो होतो. भाऊबीज आटोपल्यावर शाळेतले आम्ही सात-आठजण मित्राच्या गच्चीवर जमलो आणि बोलता बोलता विषय निघाला: तू पुस्तकं घेतोस कुठून? एकाचं उत्तर सरळ होतं, मोबाइलवरून. घरपोच येतं, वर पंचवीस टक्के कमी. दुसरा वर्षातून एकदा प्रदर्शनात जातो, दोन पिशव्या भरून आणतो, मग वर्षभर बघत नाही. वकिली करणारी मैत्रीण चिडली. म्हणाली, "दुकानातूनच घ्यायला पाहिजेत. तुम्ही असं करताय म्हणून दुकानं बंद पडतायत, आणि मग तुम्हीच हळहळता." यावर जतला शिक्षक असलेला मित्र म्हणाला, "आमच्याकडे पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाइडं आणि कंपासपेट्या. कादंबरी दुकानातून घ्यायची तर मला सांगलीला यावं लागतं. एसटीने दोन तास. घेऊ का दुकानातून?"

वाद तासभर चालला. मी फारसं बोललो नाही, कारण मला जे म्हणायचं होतं ते तिथे नीट जमलं नसतं. ते आता लिहितो.

मी अकरा वर्षं जर्मनीत, ट्युबिंगेन नावाच्या गावात राहतो. गाव विद्यापीठाचं. इथलं ऑसियांडर हे दुकान १५९६ सालचं आहे. होल्त्समार्क्ट चौकात हेकेनहाउअर नावाचं दुसरं जुनं दुकान आहे, तिथे जर्मन लेखक हेरमान हेसे १८९५ ते १८९९ अशी चार वर्षं कामाला होता, त्यातली पहिली तीन शिकाऊ म्हणून. पुस्तक विकणं हा इथे आजही शिकून करायचा धंदा आहे. त्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, थोडे दिवस शाळेत आणि बाकी दुकानात.

मी जातो ते दुकान मात्र यांपैकी नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांचं, एक बाई चालवतात. संध्याकाळी साडेपाचला कामावरून येताना आत डोकावायचं आणि हवं ते पुस्तक सांगायचं. कपाटात नसलं तर त्या संगणकावर बघतात आणि म्हणतात, "उद्या सकाळी दहानंतर." आणि ते खरोखर येतं. घाऊक वितरकांच्या गोदामात लाखो शीर्षकं तयार असतात, रात्री गाड्या निघतात, आणि बऱ्याच दुकानांच्या किल्ल्या गाडीवाल्याकडेच असतात. दुकान उघडण्याआधी पुस्तकांच्या प्लास्टिकच्या पेट्या आत येऊन पडलेल्या असतात. मी सकाळी जातो तेव्हा काउंटरमागच्या फळीवर माझं पुस्तक उभं असतं, त्यातून एक अरुंद चिठ्ठी वर आलेली, तिच्यावर पेन्सिलीने माझं आडनाव. ते चुकीचं लिहिलेलं असतं, पण माझंच असतं.

आता मुद्द्याचं. ते पुस्तक २४ युरोचं असेल तर बाईंकडे २४ युरोला मिळतं, स्टेशनवरच्या साखळी दुकानात २४ युरोला, आणि अॅमेझॉनवरही २४ युरोलाच. एक सेंटही इकडेतिकडे नाही, कारण तसा कायदा आहे. नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि ती किमान अठरा महिने सगळ्यांनी पाळायची. ही पद्धत इथे १८८८ पासून प्रकाशक आणि विक्रेत्यांच्या आपसांतल्या करारांवर चालू होती. युरोपच्या स्पर्धाविषयक नियमांपुढे ते करार टिकेनात, तेव्हा २००२ मध्ये संसदेने कायदाच केला. २०१६ पासून ई-बुकंही त्यात स्पष्टपणे आली. जुन्या, वापरलेल्या पुस्तकांना हे बंधन नाही. कोपरा दुमडलेल्या, खरचटलेल्या प्रतींवर शिक्का मारून त्या दाराबाहेरच्या टोपलीत स्वस्तात विकता येतात. सार्वजनिक ग्रंथालयांना दहा टक्क्यांपर्यंत सूट देता येते. साध्या गिऱ्हाइकाला मात्र नाही.

म्हणून आमच्या गच्चीवर झाला तसा वाद इथे मी कधी ऐकला नाही. पुस्तक कुठून घ्यावं या प्रश्नातून पैसा बाजूला काढला की उरते ती फक्त सोय आणि आवड. अंथरुणाला खिळलेला माणूस ऑनलाइन मागवतो, मी बाईंकडे जातो, आणि दोघांनाही आपण लुबाडले गेलो असं वाटत नाही. दुकानात जाणं हा इथे त्याग नाही. आपल्याकडे मात्र तो त्याग झालाय. माझी वकील मैत्रीण शंभर रुपये जास्त मोजून दुकानातून घेते आणि न मोजणाऱ्यांवर रागावते. तिचा राग मला कळतो. पण दुकान जगवायची जबाबदारी वाचकाच्या खिशावर आणि सदसद्विवेकावर टाकणं मला चूक वाटतं. भाषणं देऊन दुकानं जगत नाहीत.

गच्चीवरच्या वादाच्या दुसऱ्या दिवशी मी सांगलीतल्या त्या दुकानात गेलो, जिथे लहानपणी वडिलांबरोबर जायचो. मालक आता सत्तरीचे आहेत. त्यांनी मला हिशेब बिलाच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवला. चारशेचं पुस्तक. त्यांना प्रकाशकाकडून तीस टक्के मिळतात, म्हणजे एकशेवीस रुपये. गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरून म्हणतं, इथे पंचवीस टक्के सूट आहे, तेवढी द्या. दिली तर शंभर गेले. "राहिले वीस. त्यात भाडं, लाइट आणि या पोराचा पगार," असं म्हणत त्यांनी वीसच्या आकड्याभोवती गोल काढला. मग नाही दिली तर? "तर तो फोटो काढून निघून जातो."

आणि ती पंचवीस टक्के सूट खरी तरी असते का? सूट द्यावीच लागणार हे ठाऊक असल्यामुळे पुष्कळदा किंमतच फुगवून छापली जाते. तीनशेचं पुस्तक चारशेचं होतं आणि तीनशेला 'सवलतीत' मिळतं. यात नुकसान कुणाचं? गावातल्या दुकानातून छापील किमतीला मुकाट्याने घेणाऱ्याचं. म्हणजे घासाघीस न करणारा वाचक इतरांची सूट भरतो. मला या सगळ्या व्यवहारातली ही सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटते.

स्वस्ताच्या नादात आणखी एक होतं. माझ्या भाचीने एक गाजलेलं पुस्तक अशाच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत घेतलं. कागद पिवळट, अक्षर फिकं, एकशे बारा पानानंतर थेट एकशे एकोणतीस. चोरून छापलेली प्रत. लेखकाला त्यातला एक रुपया गेला नाही, आणि तिला सोळा महत्त्वाची पानं मिळाली नाहीत.

सवलत म्हणजे पापच, असं मी म्हणत नाही. मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलची आठवण काढणारे त्या सवलतीचीच आठवण काढतात. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात छोट्या जागेतून सुरुवात केली आणि पुढे फोर्टातल्या दुकानात आणि सुंदराबाई हॉलच्या वार्षिक विक्रीत कमी पगाराच्या माणसालाही महागडी पुस्तकं परवडू दिली. पण ती सूट त्या दुकानदाराची होती. आपल्या वाचकाला ओळखून, आपल्या नफ्यातून दिलेली. ते दुकान २०१८ मध्ये बंद झालं. पुण्यातलं मॅनीज त्याआधी, २०१२ मध्ये. दुकानदाराच्या हातातली सूट वेगळी, आणि त्याला संपवण्यासाठी बाहेरून लादलेली सूट वेगळी.

ब्रिटनने हाच प्रयोग उलट्या दिशेने करून पाहिला. तिथे १९०० पासून किमती बांधलेल्या होत्या, १९९५ मध्ये ती व्यवस्था कोसळली. सुपरमार्केटांनी खपाऊ कादंबऱ्या भाजीशेजारी रचून निम्म्या दरात विकल्या. पुढच्या वीसेक वर्षांत स्वतंत्र दुकानं निम्म्याहून कमी उरली. फ्रान्सने १९८१ मध्ये कायदा केला, पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट नाही. ऑनलाइन कंपन्यांनी घरपोच सेवा फुकट देऊन त्यातून वाट काढली, तेव्हा २०२३ मध्ये ३५ युरोखालच्या खरेदीवर किमान तीन युरो टपालखर्च सक्तीचा केला. म्हणजे कायदा करून सरकार झोपलं नाही.

जर्मनीतही सगळं छान चाललंय असं समजू नका. दुकानं इथेही कमी होतायत, आणि चारशे वर्षांहून जुन्या ऑसियांडरलाही २०२० मध्ये थालिया या मोठ्या साखळीशी हातमिळवणी करावी लागली. कायदा दुकानाला गिऱ्हाईक आणून देत नाही. फक्त त्याचे पाय बांधून त्याला शर्यतीत पळवत नाही.

मग आपल्याकडे काय? मला वाटतं, नव्या मराठी पुस्तकावर पहिलं दीड वर्ष दहा टक्क्यांच्या वर सूट कुठेच नसावी. दुकानात नाही, प्रदर्शनात नाही, ऑनलाइन नाही. त्याबदल्यात प्रकाशकाने किंमत खरी छापावी. प्रकाशकांनी हे आपसांत ठरवलं तर आपला स्पर्धा कायदा आडवा येईल, म्हणून ते सरकारनेच करायला हवं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून भाषेसाठी काय करता येईल यावर खूप बोललं जातंय. हे करता येईल.

जतच्या मित्राला यातून काय मिळेल, हा प्रश्न मला सतावतो. त्याच्यासाठी ऑनलाइन आणि टपाल हेच दुकान आहे, आणि ते चालूच राहिलं पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने स्वस्त बुक पोस्ट बंद केलं तेव्हा सगळ्यांत जास्त फटका त्याच्यासारख्यांना बसला. मे २०२५ पासून त्याच्या जागी पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं हे बरं झालं. त्याला स्वस्त टपाल हवं, आणि त्याला पुस्तक पाठवणारं सांगलीतलं दुकान जिवंत हवं. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत.

माझंही त्याच्यासारखंच आहे. इथे मराठी पुस्तक मिळत नाही. बुकगंगावरून ई-बुक घेतो. छापील मागवायचं तर टपालखर्च पुस्तकांच्या वर जातो. शिवाय जुलै २०२१ पासून युरोपात बाहेरून येणाऱ्या छोट्या पार्सललाही करमाफी उरलेली नाही. पुस्तकांवर सात टक्के कर, आणि त्याहून जास्त पोस्टाची हाताळणी. म्हणून वर्षभर यादी करतो आणि सांगलीला गेलो की बॅगेत कपड्यांऐवजी पुस्तकं भरून आणतो.

परवा त्या मालकांना फोन करून पुढच्या खेपेची यादी वाचून दाखवली. अकरा पुस्तकं. त्यांनी एकेक नाव मोठ्याने म्हणत लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "किती टक्के धरू?"

"छापील किमतीत द्या, काका."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "आली की तुझ्या नावाची चिठ्ठी घालून वरच्या फळीवर ठेवतो. वडिलांच्या नावाची घालायचो, तशी."