सातभाईंची रीत आणि पावशाचे पिल्लू : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सातभाईंवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. थव्यातील मदतनीस पक्षी दुसऱ्याची पिल्ले भरवतात ते नात्यामुळे, हे माझे म्हणणे म्हणजे माणसाचा हिशोबीपणा पाखरांच्या माथी मारणे आहे, असा आपला आक्षेप आहे. पुरावा म्हणून आपण देवगडच्या आपल्या कलमांच्या बागेतील प्रसंग दिला आहे: गडग्यावर बसून ओरडणाऱ्या पावशाच्या पिल्लाला तीन-चार सातभाई खालचा पातेरा उलथून आळीपाळीने अळ्या आणून देत होते. नातेच पाहायचे असते तर परक्याला घास का, असे आपण विचारता.

प्रश्न रास्त आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. सातभाई नाते मोजत बसतो, असे मी लिहिलेले नाही. १९६४ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी मांडले ते असे की, आपल्यातील जनुके भावंडांतही असतात, म्हणून भावंडांना जगवण्याची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. प्रत्यक्ष पाखराला त्यासाठी साधी रीत पुरते: आपल्या थव्याच्या घरट्यात जी चोच उघडेल तिच्यात घास घालायचा. आधीच्या विणींतील पिल्ले मोठी झाल्यावरही बरेचदा थव्यातच राहत असल्याने त्यांच्यासमोरचे नवे पिल्लू बहुधा भावंडच असते आणि रीत चुकत नाही. पावशा जगतो तो याच रितीवर. सातभाईच्या निळ्या अंड्यांत त्याची मादी आपले तसेच निळे अंडे घालून जाते. (पेरणीची आठवण देतो म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, तो स्वतः मात्र दुसऱ्याच्या शेतात पेरून मोकळा होतो.) आपण पाहिलेला प्रसंग नात्याचा विचार खोडून काढत नाही, तर ही रीत कोठे फसवली जाते ते दाखवतो.

जेथे पाखराला निवड करता येते, तेथे नाते उघड दिसते. आपल्या वेड्या राघूचा पांढऱ्या कपाळाचा आफ्रिकी भाऊबंद केनियात नाकुरूजवळ दरडींतील बिळांत वसाहत करून राहतो. पक्ष्यांच्या वर्तनाचे अभ्यासक स्टीफन एम्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे असे आढळले की, शेजारी अनेक जोड्यांची बिळे असूनही मदतनीस बहुतकरून जवळच्या नातेवाइकांकडेच जातो. त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण तर फारच बोलके आहे. बाप तरुण मुलाच्या बिळाच्या तोंडाशी अडून बसतो, त्याच्या विणीत वारंवार व्यत्यय आणतो आणि अखेर मुलगा स्वतःचा संसार सोडून बापाच्या पिल्लांना भरवू लागतो. याला निव्वळ माया म्हणणे मला जड जाते.

नात्याइतकाच जागेचाही प्रश्न असतो, आणि माझ्या लेखात तो फार त्रोटक आला होता. हिंदी महासागरातील सेशेल्समधील कझिन या चिमुकल्या बेटावर वटवट्या या छोट्या पक्ष्यांची दाटी झाली होती आणि तरुण पक्षी आईबापांपाशी राहून मदत करत. १९८८ मध्ये त्यांतील २९ पक्षी आरिद या बेटावर नेऊन सोडले, तेव्हा तेथे जन्मलेल्या तरुणांनी मोकळी जागा मिळताच स्वतंत्र घरटी मांडली. चांगल्या जागा भरल्यावर मदतनीस पुन्हा दिसू लागले.

धनेश का वगळला, असेही आपण विचारता. कोकणातील मलबारी कवड्या धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला बाहेरून भरवतो, हे खरे; पण तो दोघांचाच संसार आहे.

राहिले ते पिल्लू. त्याला हाकलून सातभाईंची सुटका करावी का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. ते घरट्याबाहेर पडले आहे, म्हणजे सातभाईंचे या विणीत व्हायचे ते नुकसान होऊन गेले आहे. आता हाकलले तर त्यांची गेलेली अंडी परत यायची नाहीत, एक पावशा मात्र कमी होईल.