‘शुगरच्या जखमेत हळद भरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: शुगरवाल्याच्या पायाची जखम झाकू नका, वाऱ्यावर सुकू द्या, हळद-तूप भरा, दुखत नसेल तर काळजी नको, दवाखान्यात गेलात तर पाय कापतील. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण या सल्ल्यापायी माणसाचा पाय जाऊ शकतो, म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक आहे ते ‘दुखत नसेल तर काळजी नको’. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेत खडा अडकलेला असतो आणि माणूस दिवसभर उसाच्या सरीतून फिरतो. संध्याकाळी चपलेवर रक्त दिसतं तेव्हा कळतं. पुढे तीच जखम प्रत्येक पावलाला चिरडली जाते. तळव्याच्या अशा जखमेवर कितीही भारी मलम लावा, तिच्यावरचा भार काढल्याशिवाय ती भरत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना प्लास्टर घालून अशा जखमा भरून आणल्या. आज शुगरच्या पायालाही पायाच्या आकाराला चपखल बसणारं प्लास्टर घालतात. भार विभागला जातो, जखमेला उसंत मिळते. मात्र रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखम चिघळली असेल, तर आधी त्यावर उपचार.

वाऱ्यावर सुकवायचं म्हणाल, तर १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगानं येते.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते. तुपाबरोबर तिचा थर बसला की खालचा पू दिसत नाही.

राहिलं पाय कापण्याचं. पाय बहुतेकदा जातो तो उशिरामुळे. डॉक्टर घोट्याचं प्रेशर दंडाच्या प्रेशरशी ताडून पाहतात, भागाकार ०.९ च्या खाली आला तर धमनी अरुंद झाल्याची शंका घेतात. शुगरमध्ये धमन्या कडक होऊन हा आकडा फसवाही येतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघतात. गरज असेल तिथे अँजिओप्लास्टी, मेलेला भाग काढणं, खोल जखमेला व्हॅक्युम ड्रेसिंग, म्हणजे आतलं पाणी ओढून घेणारी पट्टी. हे सगळं पाय वाचवण्यासाठीच.

चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर तज्ज्ञाला दाखवा. पाय लाल, गरम, सुजलेला किंवा काळा दिसला, घाण वास आला, ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.