माळाचे हितचिंतक

शिकाऱ्याचं मला भय नाही. त्याच्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आहे, कलमं आहेत, पंचनामा आहे. मुरूम चोरायला आलेला ट्रॅक्टरही अडवता येतो. पण पहिला पाऊस पडून गेला की रविवारी सकाळी टेम्पोत रोपं भरून, एकसारखे हिरवे टी-शर्ट घालून जी मंडळी माळावर उतरतात, त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. कलम त्यांनाही लागू करता येईल, नाही असं नाही. पण हातात करंजाचं रोप धरलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना कलम वाचून दाखवायला जीभ रेटत नाही. शिवाय ते मलाही एक टी-शर्ट देतात.

मी एका संरक्षित गवताळ माळाची देखरेख करतो. माळ सोलापूरच्या बाजूला आहे, एवढंच सांगतो. नाव सांगितलं तर पुढच्या रविवारी आणखी एक टेम्पो येईल.

काम ऐकायला सोपं आहे. उजाडायच्या सुमारास आखलेल्या रेषेवरून चालायचं, डावीउजवीकडे कोणता प्राणी किती अंतरावर दिसला ते लिहायचं. लेंड्या मोजायच्या. लांडग्याची विष्ठा सापडली तर पिशवीत भरून, चिठ्ठी लावून पाठवायची. ही पिशवी मांडीवर घेऊन एसटीने प्रवास केला की शेजारची सीट आपोआप रिकामी होते, हा या नोकरीतला एकमेव भत्ता. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढून घ्यायच्या आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या. हे कॅमेरे उष्णता आणि हालचाल टिपून आपोआप फोटो काढतात. दुपारी माळावर उष्णता भरपूर, आणि वाऱ्याने गवत सतत हलतं. त्यामुळे माझ्याकडे हलत्या गवताचे हजारो फोटो आहेत. अधूनमधून एक शेळी येते. एकदा काळवीट आलं होतं, फक्त नाकपुडी.

आणि हे सगळं करून नोंदवहीत बहुतेक दिवशी लिहायचं ते शून्य. माळढोक: शून्य. तणमोर: शून्य. दोन्ही गवताळ माळावरचे दुर्मीळ पक्षी. आता शून्य लिहिणं आणि रकाना कोरा ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे मी गेलो, पाहिलं, नव्हता. कोरा म्हणजे मी गेलोच नाही. माळढोकासारख्या ज्या पक्ष्याचे देशभरच्या रानांत मिळून दोनशेसुद्धा उरले नसावेत, त्याच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा. आमच्या कार्यालयात ही माहिती संगणकात चढवणाऱ्या मुलाने एका वर्षाची सगळी शून्यं पुसून टाकली. का, तर म्हणे, "सर, सगळीकडे तेच तेच होतं. तक्ता स्वच्छ दिसत नव्हता." कागदोपत्री मी ते वर्षभर घरी झोपून होतो.

तर हितचिंतक. त्यांचा म्होरक्या टेम्पोतून उतरला की कमरेवर हात ठेवून क्षितिजापर्यंत बघतो आणि हळहळतो. "काय ही अवस्था! एक झाड नाही!"

मी सांगतो की हे असंच असायला हवं. पाऊस साठ सेंटिमीटरच्या आतबाहेर, वीतभर माती, खाली मुरूम. इथे पवना, मारवेल, कुसळी ही गवतं आणि मधूनमधून एखादी बोर, बाभूळ, हिवर. काळवीट, चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक, चंडोल, सगळ्यांना हाच उघडा माळ लागतो.

"पण पूर्वी इथे घनदाट जंगल होतं. इंग्रजांनी तोडलं."

हे प्रत्येक म्होरक्याला माहीत असतं. कुठून, कोण जाणे. मी त्याला सांगतो की अलीकडेच संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, ओव्या, लोकगीतं चाळून पाहिली. आपल्याकडच्या या कोरड्या पट्ट्यात तेव्हाही काटेरी झाडं आणि उघडे माळच होते. यावर मुख्याध्यापक मागे वळून आपल्या मंडळींना म्हणाले, "ऐकलंत? सातशे वर्षांत कुणालाही एक झाड लावावंसं वाटलं नाही!" टाळ्या पडल्या. खड्डे खणायला जोर चढला.

मग मी माळढोक काढतो. म्हणजे त्याचं चित्र काढतो, पक्षी कुठून काढणार! मीटरभर उंच, नर तर बारा-पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमधला हा एक महावजनदार. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. तिचं सगळं संरक्षण म्हणजे चहूबाजूंना लांबवर दिसणं. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या की नजर अडते, आणि वर कावळ्यांना, शिकारी पक्ष्यांना बसायला अंड्यासमोरच जागा होते.

"पण पक्ष्याला झाड नको, असं कसं होईल?"

"त्याच्या पायाला मागचं बोटच नसतं. फांदी धरता येत नाही. तो झाडावर बसत नाही."

मुख्याध्यापक विचारात पडले. मला वाटलं, जिंकलो.

"मग झाडाखाली बसेल की. सावलीत."

१९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी ठरला तेव्हा पक्षितज्ज्ञ सालिम अली माळढोकाच्या बाजूने होते. मान मिळाला मोराला. मोर रात्री झाडावर बसतो, ही गोष्ट मी हितचिंतकांसमोर कटाक्षाने टाळतो.

माळढोकाचं नशीबच असं. १९७९ साली त्याच्यासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. अख्खे तालुके त्यात बसले, माणसं, उसाचे फड, बाजारपेठांसकट. पुढे ते आटवून बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. म्हणजे आधी पक्ष्याला दिलं ते त्याला वापरता येत नव्हतं, आणि त्याला वापरता येतं ते सातबाऱ्यावर पोटखराब्यात किंवा कुठल्या तरी नकाशात 'पडीक' म्हणून पडलेलं. आणि पडीक दिसलं की प्रत्येकाचा हात शिवशिवतो. एकाला तिथे सौर पॅनेल दिसतात, दुसऱ्याला प्लॉट, तिसऱ्याला क्रिकेटचं मैदान. त्या मानाने हितचिंतक परवडले, त्यांना निदान पैसे नको असतात.

माझ्या बाजूने लढणारे दोनच. पहिली कुसळी. या गवताच्या बीला एक लांब पीळदार केस असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी गिरमिटासारखं स्वतःला मातीत घुसवून घेतं. व्यवस्था मातीसाठी आहे, पण कुसळाला माती आणि मोजा यातला फरक कळत नाही. पावसाळा सरल्यावर 'आपली झाडं कशी आहेत' ते बघायला मंडळी पुन्हा येतात. शंभर पावलांवर पहिला खाली बसतो. मग सगळेच बसतात आणि मोजे सोलू लागतात. वर टिटवी सगळ्या पंचक्रोशीला त्यांची वर्दी देत फिरते. (टिटवी माझ्या बाजूची म्हणता येत नाही, ती मी आलो तरी एवढंच ओरडते. माझी पहाटेची लपूनछपून पाहणी तिच्यामुळे जाहीर सभा होते.)

दुसरे म्हणजे मामा. मामा धनगर, मेंढरं-शेरडं घेऊन या पट्ट्यात फिरण्यात जन्म गेलेला. लांडग्याने कोकरू नेलं तर शिव्या देतात आणि मग "त्याचाबी वाटा हाय" म्हणून बिडी पेटवतात. माझ्या शून्यांची माहिती त्यांना माझ्याआधी असते. "जाऊ नगा आज तिकडं, काय न्हाई," असं ते सांगतात, तरी मला जावं लागतं, कारण मामांच्या सांगण्यावरून शून्य लिहिता येत नाही.

त्या दिवशी मी वाद घालून थकलो तेव्हा मामा कळप घेऊन आले. मुख्याध्यापकांनी त्यांना लोकशाही पद्धतीने विचारलं, "काय मामा, तुमचं काय मत? झाडं लावायची ना?"

मामांचा चेहरा खुलला. "लावा की! चांगली कवळी कवळी लावा. शेरडं कवाधरनं उपाशी हायेत."

मुख्याध्यापकांनी शेळ्यांकडे पाहिलं. शेळ्यांनी टेम्पोकडे. दोन तर चढल्याही होत्या. तासाभरात उरलेली रोपं गावच्या शाळेच्या आवारात, तारेच्या कुंपणाआड लागली. तिथे ती छान वाढतायत, आणि मी त्यांना पाणी घालायलाही जातो.

सध्या वेगळाच पेच आहे. निधी देणाऱ्यांना अहवालात कामाचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो लागतात. मी एकाच जागेवरून, एकाच महिन्यात, पाच वर्षांच्या अंतराने काढलेले दोन फोटो पाठवले. गवत, आभाळ. गवत, आभाळ. पाच वर्षांत तिथे काही उभं राहिलं नाही, काही खणलं गेलं नाही, वणवा लागला नाही. माझी सगळी कमाई त्या दोन फोटोंत होती. कार्यालयातून उत्तर आलं, "चुकून एकच फोटो दोनदा जोडला आहे. कृपया सुधारित प्रत पाठवावी." मी तारखा दाखवल्या. त्यावर, "तारखा ठीक, पण फरक दिसत नाही. दुसऱ्या फोटोत काहीतरी दिसायला हवं."

मी पुन्हा माळावर गेलो, मामांच्या हातात मोबाइल दिला आणि मधोमध उभा राहिलो. पॅन्टला गुडघ्यापर्यंत कुसळं, अंगात हितचिंतकांचा हिरवा टी-शर्ट. तो फोटो 'नंतर'च्या चौकटीत पाठवला.

दुसऱ्याच दिवशी मंजुरी आली. शेरा होता: "आता सुधारणा स्पष्ट दिसते."