रोख्यांसाठी मतदारांचा कौल हवाच

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शहरांना रोखे काढण्यासाठी, म्हणजे लोकांकडून कर्ज उभारण्यासाठी, मतदानात दोन तृतीयांश मते मिळवावी लागतात; ही अट रस्तेसुधारणेच्या आड येते, हे लेखातील म्हणणे मला अर्धेच पटते. सॅन फ्रान्सिस्कोत २०११ साली रस्त्यांच्या डांबरीकरणासाठी व पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी २४.८ कोटी डॉलरचे रोखे याच अटीवर मंजूर झाले आणि २०१४ मध्ये वाहतूक व रस्त्यांसाठीच्या ५० कोटी डॉलरच्या रोख्यांनाही मतदारांनी कौल दिला. जून २०२२ मध्ये मात्र ४० कोटी डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव सुमारे ६५ टक्के मते मिळूनही फेटाळला गेला, याची मला मनापासून हळहळ वाटते. तरीही हे कर्ज मालमत्ता करातून वर्षानुवर्षे फेडायचे असल्यामुळे आणि घरमालकांना त्याचा काही भाग भाडेकरूंवरही टाकता येत असल्यामुळे, ज्यांच्या खिशातून पैसा जाणार त्यांना आधी विचारलेच पाहिजे. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, तेव्हा पुणेकरांचे असे मतदान झाले नव्हते.

माझा खरा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. पायापासून नव्याने बांधलेला रस्ता दोन दशके टिकतो, म्हणून त्यासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज काढणे योग्यच आहे. परंतु खड्डे बुजवण्यासारखी दरवर्षीची कामे नियमित अंदाजपत्रकातूनच व्हावीत, अन्यथा खड्डा पुन्हा पडलेला असेल आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र चालूच राहील.