नळी घातली म्हणून धोका संपत नाही

'नाकातून नळी घातली की अन्न फुप्फुसात जायची भीती उरत नाही' हे गिळता न येणाऱ्या रुग्णाला नळीने भरवण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. तोंडातली लाळ आणि पोटातून उलटून येणारं अन्न नळी असतानाही फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणूनच भरवताना आणि नंतरही निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवायची. नळी चुकून श्वासनलिकेतही जाते. ती पोटातच आहे ना हे बघायला नळीतून हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने ऐकणं पुरेसं नाही, पहिल्यांदा भरवण्याआधी एक्स-रेबद्दल विचाराच.

माझ्या सासूबाईंना पक्षाघातानंतर रायल्स ट्यूब, म्हणजे हीच नाकातून पोटात जाणारी नळी, लागली, उपयोगही झाला. गिळणं सुधारल्यावर काढली. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्याचं मात्र वेगळं आहे. तिथे नळी घालू नये, हाताने सावकाश भरवावं, असं अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने 2014 मध्येच सांगितलंय. नळीने आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. माणूस बेचैन होतो, नळी उपसतो, मग त्याचे हात बांधतात. म्हाताऱ्या माणसाचे बांधलेले हात बघवत नाहीत हो!

आणि पोटावर छिद्र करून थेट जठरात घातलेली पेग नळी नवी असताना निघाली, तर घरी परत ढकलू नका, लगेच रुग्णालय गाठा.